जागलीवर वाचायची पुस्तकं : चेटकिणी, रक्त पिणारे अन् लांडगे होणारी माणसं

जागल्या (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

सोयाबीन केव्हाच निघालं. हरभऱ्याला पाणी चालू आहे आणि या आठवड्यात आमच्या फीडरला थ्री फेज रात्रीची. म्हणजे दहाच्या पुढं मोटर चालू करायची, दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, अन् मधल्या वेळात रानडुकरं आत शिरू नयेत म्हणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टॉर्च मारत बसायचं. हिंगणघाटाच्या पुढं आमचं गाव. मचाणावर मी, एक घोंगडी अन् मोबाईल. खाली कुत्रं.

मोबाईलवर मी काय वाचतो हे आजवर कोणाला सांगितलं नाही. गावात सांगितलं तर हसतील, अन् शिकलेल्या मित्रांना सांगितलं तर जास्त हसतील. मी चेटकिणी, व्हॅम्पायर आणि लांडगा होणारी माणसं यांच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतो. अर्बन फॅन्टसी म्हणतात त्याला. चार वर्षं झाली.

सुरुवात बर्डीवर झाली. नागपूरला बियाण्याच्या कामानं गेलो होतो, बस चुकली, रद्दीतल्या पुस्तकांच्या ढिगातून चाळीस रुपयांना एक उचललं. चार्लेन हॅरिस या बाईंचं, २००१ चं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं एक बारकं गाव. तिथल्या बारमध्ये जेवण वाढणारी पोरगी, तिला समोरच्याच्या मनातलं सगळं ऐकू येतं. जपान्यांनी कृत्रिम रक्त तयार केलं म्हणून व्हॅम्पायर लपणं सोडून उघड झालेत. त्यातला एक बारमध्ये येऊन बसतो अन् या पोरीला तो आवडतो. का आवडतो? तर त्याच्या डोक्यातलं तिला काहीच ऐकू येत नाही. शांतता मिळते! बसमध्येच मी पुस्तक मिटून दोन मिनिटं बाहेर पाहत बसलो. ज्या गावात कोणाच्या घरी आज कोणती भाजी हे अख्ख्या आळीला माहीत असतं, त्या गावातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे भूत म्हटलं की पडका वाडा, विहीर, पिंपळ. ते एकदा दिसतं, घाबरवतं, गोष्ट संपते. या पुस्तकांतलं भूत सकाळी उठून कामावर जातं. त्याला पोटापाण्याचा प्रश्न आहे. जिम बुचरची मालिका २००० साली सुरू झाली. तिच्यातल्या मांत्रिकाचं नाव शिकागोच्या फोन डिरेक्टरीत आहे, अन् पहिल्याच पुस्तकात त्याचं भाडं थकलंय. मला ते थकलेलं भाडं फार आवडतं. राक्षस येवो न येवो, एक तारीख येतेच.

अजून कोणी वाचतं का? की मी एकलाच?

कापूसकोंड्या

एकला नाही राजा. मी हाव.

त्या शिकागोवाल्या मांत्रिकाची एक गोष्ट तू सांगितली नाहीस. त्याच्या आसपास यंत्रं बिघडतात. संगणक बंद पडतो, दिवे उडतात, म्हणून तो जुनी फोक्सवॅगन बीटल चालवतो. नवी गाडी टिकतच नाही त्याच्यापाशी. हे वाचलं अन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या गावची डीपी या हंगामात तीनदा जळाली. लाईनमन बिचारा उगाच लोडला दोष देऊन रायला. गावात कोणीतरी मोठा मांत्रिक राहते, बाप्पा. शोधा त्याले.

लॅबवाली

मी पण! मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तपेढीत आहे (कुठे ते विचारू नका). त्यामुळे व्हॅम्पायरच्या कथा वाचताना माझं लक्ष भलतीकडेच असतं.

या पुस्तकांमधला सभ्य व्हॅम्पायर माणसाला चावत नाही, रक्तपेढीतून पिशव्या आणतो. ठीक. पण एका पिशवीत साधारण ३५० मिली. ती २ ते ६ अंशांत ठेवावी लागते, आणि आत कोणतं द्रावण आहे त्यावर ३५ किंवा ४२ दिवसांत मुदत संपते. मुदत संपलेलं रक्त आम्ही नियमाप्रमाणे नष्ट करतो. एकाही लेखकाला अजून हे सुचलेलं दिसत नाही की व्हॅम्पायरने फक्त मुदत संपलेल्या पिशव्यांसाठी रीतसर अर्ज करावा. कोणाचं नुकसान नाही. फक्त चव कशी लागेल, म्हणजे शिळ्या भाकरीसारखी की आंबलेल्या ताकासारखी, यावर तीन पानं लिहायला हवीत.

मस्करी सोडून एक सांगते. आमच्याकडे थॅलेसेमियाची पोरं येतात, काहींना दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. विदर्भात सिकलसेलही पुष्कळ. दुसऱ्याच्या रक्तावर जगणं ही त्या पोरांसाठी भयकथा नाही, मंगळवारची सकाळ आहे. एक नववीतली पोरगी रक्त चढत असताना माझ्याकडचं असलं एक पुस्तक मागून घेऊन वाचत होती. म्हणाली, "ताई, ह्याला लाज कायची वाटते एवढी?" व्हॅम्पायरबद्दल विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

शुद्धलेखन_पुणे

धागा मजेशीर आहे, पण एक मूलभूत प्रश्न. आपल्याकडे वेताळ, मुंज्या, हडळ, खवीस असा समृद्ध वारसा असताना ही उसनी भुतं कशाला? आणि यांतल्या निम्म्या कादंबऱ्या म्हणजे प्रेमकथाच, फक्त नायकाला सुळे असतात.

जागल्या

दादा, दोन्ही मुद्दे अर्धे मान्य.

सुळेवाल्या प्रेमकथा पुष्कळ आहेत, खरं. माझी कसोटी सोपी : प्रेम काढून टाकलं तर गोष्ट उभी राहते का? राहिली तर वाचतो. नाही राहिली तर... तरी वाचतो कधी कधी, पाईप बदलायला अजून दीड तास असला तर.

वारशाचं म्हणाल तर रिचर्ड बर्टननं वेताळपंचविशीतल्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा, १८७० साली, पुस्तकाच्या नावातच विक्रमासोबत 'व्हॅम्पायर' घातला. ड्रॅक्युला आला १८९७ ला. म्हणजे आपला वेताळ त्याच्या सत्तावीस वर्षं आधी व्हॅम्पायर म्हणून विलायतेत जाऊन बसला होता. फक्त भाषांतर चुकलं. आपला वेताळ रक्त पीत नाही, डोकं खातो. प्रेतात शिरून झाडाला उलटा लटकतो अन् कोडी घालतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, अन् बोललास तर मी चाललो परत झाडावर. तलाठी कार्यालयात गेलेल्या माणसाला हा पेच ओळखीचा वाटेल.

कापूसकोंड्या

नियमांची गोष्ट निघालीच आहे त ऐका. व्हॅम्पायरले घरात यायले आमंत्रण लागते. उंबऱ्याबाहेर उभा राहीन, पण 'या' म्हटल्याबिगर आत पाय नाही टाकणार. शिकागो-बिकागोत हे चालते. तिथं दार लावून रायतात लोक.

आमच्याकडे सांगा बरं कसं चालन? माह्या मायले सवय हाये, रस्त्यानं कोणीबी दिसला की ओसरीवरून, "ये ना बे, चहा घे!" विमावाला, भांडेवाला, मत मागणारा, सगळे आत. ड्रॅक्युला गल्लीतून नुसता गेला असता तरी मायनं त्याले पाटावर बसवून विचारलं असतं, "काऊन रे, असा पांढराफटक पडला? जेवला नाही का?" उंबरठ्याची सारी ताकदच संपली. पहिल्या रात्री गाव खलास.

लॅबवाली

किंवा पहिल्या रात्री ड्रॅक्युला खलास. लसूण घातलेला ठेचा.

कापूसकोंड्या

हे नव्हतं सुचलं. अन् उन्हाचं काय? मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ च्या वर जाते. तिथं आमचीच राख होते, त्याची काय कथा.

शुद्धलेखन_पुणे

एक दुरुस्ती. मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडतो. दिवसा त्याची शक्ती कमी असते, एवढंच. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाने रूढ केलं. (हो, मीही वाचतो. लपून.)

जागल्या

सापडला! या दादा, बसा. चहा घ्या. (हे आमंत्रण समजा.)

मोहफूल

लांडग्याबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो जी. मी जंगल खात्यात, चंद्रपूरकडे. रात्रपाळीला चौकीत नेटवर्क आलं तर वाचतो.

इंग्रजीतल्या त्या शब्दात 'वेअर' म्हणजे जुन्या इंग्रजीत माणूस. माणूस-लांडगा, सरळ अर्थ. या कादंबऱ्यांत लांडगा-माणसांची टोळी असते अन् टोळीचा एक म्होरक्या, अल्फा. सगळ्यांना दाबून ठेवणार, गुरगुरणार, आव्हान देईल त्याच्याशी मरेस्तोवर लढणार. अर्धी पुस्तकं या अल्फावर उभी आहेत. अन् ते चूक आहे जी! पिंजऱ्यात, एकमेकांना अनोळखी लांडगे एकत्र कोंडून १९४० च्या दशकात निरीक्षणं केली होती, त्यावरून ती कल्पना आली. डेव्हिड मीच या शास्त्रज्ञानं १९७० च्या पुस्तकात ती मांडली, लोकप्रिय केली, अन् पुढं जंगलात वर्षानुवर्षं लांडगे पाहून स्वतःच खोडून काढली. रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप अन् त्यांची पोरं. अल्फा कोण? बाप. पोरं मोठी झाली की लढत नाहीत, वेगळा संसार थाटायला निघून जातात.

मी तर म्हणतो, असं खरं लांडग्याचं घर कोणी लिहिलं तर वाचायला जास्त मजा येईल. म्होरक्या पौर्णिमेला गुरगुरतो अन् अमावस्येला पोराच्या फीची चिंता करतो.

आमच्याकडे लांडगा-माणूस नाही, वाघ आहे. ताडोबा हे नावच तारू नावाच्या गावप्रमुखाचं, तो वाघाशी लढताना मेला अन् देव झाला असं सांगतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरते. तेव्हा जनावराच्या हातून मेलेला माणूस देव होतो, हे आमच्याकडे जुनंच आहे. पण मोहफुलं वेचायच्या दिवसांत, पहाटे चारला वाकून फुलं गोळा करणाऱ्या बायांच्या मागं मी काठी घेऊन उभा असतो ना, तेव्हा मला कादंबरीतलं काही आठवत नाही. पुस्तकातल्या जनावराला निदान पश्चात्ताप होतो. ते दुसऱ्या दिवशी माणूस होऊन रडतं. त्यासाठीच मी वाचत असेन. माहीत नाही जी.

खडूफळा

दोन दिवस नुसती वाचत होते. आता लिहिते, थोडं लांबेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चेटकिणींच्या कादंबऱ्या मलाही आवडतात. किम हॅरिसनची मालिका २००४ पासूनची. तिच्यातली चेटकीण सरकारी नोकरी सोडते, तर तिचेच वरिष्ठ तिला मारायला माणसं पाठवतात, आणि ती एका जुन्या चर्चमध्ये व्हॅम्पायर बाईबरोबर बिऱ्हाड करून स्वतःचा धंदा टाकते. त्या जगात जनुक बदललेल्या टोमॅटोतून रोग पसरला आणि माणसं धडाधड मेली, तेव्हा कुठे चेटकिणी-व्हॅम्पायर उघड झाले. म्हणून तिथली साधी माणसं अजून टोमॅटोला घाबरतात. चोरबीटीच्या (चोरून विकल्या जाणाऱ्या, जनुक बदललेल्या कापूस-बियाण्याच्या) पट्ट्यात राहून हे वाचताना मी एकटीच खो खो हसले होते.

पण आमच्या गावात 'चेटकीण' हा शब्द पुस्तकातला नाही.

काही वर्षांपूर्वी शाळेत खिचडी शिजवायला एक बाई होत्या. विधवा, पन्नाशीच्या पुढच्या. हात इतका चांगला की मी डबा आणणं सोडलं होतं. गावात लागोपाठ दोन लहान पोरं तापाने गेली. मग कुजबुज. मग एके दिवशी चौथीतल्या एका पोरीने ताट पुढे केलंच नाही. "आई नाही म्हणते." दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या वर्गाने. कोणी बाईंना हात लावला नाही, शिवीही दिली नाही. फक्त त्यांच्या हातचं खाणं बंद झालं. शेवटी दुसरी बाई आली आणि या गेल्या लेकीकडे. त्यांचं दीड एकर आता दीर वाहतो.

जिवती तालुक्यात २०२१ साली काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा असताना. अमेरिकेत सेलमला १६९२ मध्ये एकोणीस जणांना फाशी दिलं (जाळलं नाही, लोक उगाच जाळलं म्हणतात), आणि आज तिथे त्यावर पर्यटन चालतं. त्यांच्यासाठी ती गोष्ट तीनशे वर्षं जुनी आहे, म्हणून चेटकीण गोड होऊ शकते. आपल्याकडे ती मागच्या गल्लीतली आहे.

आणि मला खरा त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. या कादंबऱ्यांत जादू खरी असते. चेटकीण खरोखर चेटकीण असते. म्हणजे आरोप करणारा बरोबरच असतो ना? मग मी मिटक्या मारत काय वाचते आहे?

मोहफूल

मॅडम, यावर काय बोलावं समजत नाही जी.

जागल्या

मॅडम, दोन रात्री विचार केला. काल एक पट्टा दोनदा भिजला त्या नादात.

जादू खरी असते, कबूल. पण त्या चेटकिणीला काय येतं, किती येतं, कशानं थकते, काय जमत नाही, हे पुस्तकात सगळ्यांना ठाऊक असतं. नियम असतात. काळी विद्या केली तर तिच्यावरच डाग चढतो, तोही मोजून-मापून. तिला घरभाडं आहे, पत्ता आहे, तोंड आहे. तुमच्या खिचडीवाल्या बाईंना काय येतं हे कोणाला ठाऊक होतं? फक्त त्यांच्या दिराला. बाकीच्यांनी त्याचं ऐकलं.

पुस्तकातल्या बाईवर आरोप झाला की ती उलटून बोलते. पुढची तीनशे पानं ती बोलतच असते. मला वाटते मी तेच वाचतो. पण तुम्ही म्हणता तो काटा निघत नाही, हेही खरं.

खडूफळा

"फक्त त्यांच्या दिराला." हो.

काटा राहू दे. मी वाचणं सोडणार नाही, तेवढं सांगायला आले. फक्त वर्गात 'चेटकीण' हा शब्द कोणी चिडवायला वापरला की मी तास थांबवते. इंग्रजी पुस्तकातली असली तरी.

लॅबवाली

मॅडम, 🙏

जरा हलकं करू का? आपल्या भागात अशी कादंबरी बसवायची तर कुठे बसवाल? 'अर्बन' म्हटलं तरी पहिलंच उदाहरण बारक्या गावातलं होतं, तेव्हा शहर पाहिजेच असं नाही. माझं मत : जिनिंग प्रेस. रात्रपाळी, खिडक्या नाहीत, सगळीकडे रुई उडते. सगळेच पांढरे दिसतात, व्हॅम्पायर ओळखू येणार नाही.

मोहफूल

झाडीपट्टीतलं नाटक घ्या जी. वडसा, गडचिरोलीकडचं नाटक मंडळ्यांचं गाव. दिवाळीनंतर रोज रात्री नव्या गावात प्रयोग, रात्रभर चालणारा, पहाटे गाडीत झोपायचं. व्हॅम्पायरला याहून सोयीची नोकरी नाही. खलनायकाचं काम करतो, मेकअपचा खर्च वाचतो.

कापूसकोंड्या

चेटकीण सेतू केंद्र चालवते. सर्व्हर तिलेच मिळते. बाकी कोणाच्यानं उघडत नाही. गावाले संशय हायेच, पण सातबारा पाहिजे म्हणून कोणी बोलत नाही.

शुद्धलेखन_पुणे

ही मी विकत घेईन.

मोहफूल

अन् युरोपातल्या लोककथेत व्हॅम्पायरच्या वाटेवर खसखस नाही तर बाजरी फेकत. त्याला दाणा न् दाणा मोजल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आपल्याकडचा व्हॅम्पायर खरेदी केंद्रावर तूर मोजायला ठेवला तर?

कापूसकोंड्या

त रांग पुढच्या संक्रांतीपर्यंत चालन. आताबी तेच होऊन रायलं.

जागल्या

एक सांगायचं राहिलं होतं, म्हणून पुन्हा आलो.

परवा आईनं पकडलं. रात्री मचाणावर डबा घेऊन आली, म्हणाली, "कोणाशी बोलतं रे रातभर त्या मोबाईलवर? पोरगी हाये का?" पोरगी नाही हे सिद्ध करायला गोष्ट सांगावी लागली. पॅट्रिशिया ब्रिग्जची २००६ ची घेतली, मोहफूल भाऊच्या लांडग्यांमुळं तीच पुन्हा काढली होती. तिच्यातली पोरगी गाड्यांची मिस्त्री आहे, फोक्सवॅगन दुरुस्त करते, अन् मनात आलं की कोल्ह्यासारखं अमेरिकी जनावर होते, कायोटी. तिच्या शेजारी लांडगा-माणसांचा म्होरक्या राहतो. मोठं घर, नीटनेटकं अंगण, भारी टापटीप. त्याचा राग आला की ही पोरगी भंगारातली मोडकी गाडी बरोबर त्याच्या खिडकीतून दिसेल अशी ठेवते.

आईनं लांडग्याबद्दल काही विचारलं नाही. माणूस लांडगा कसा होतो, पौर्णिमाच का, एक शब्द नाही. विचारलं, "धुरा कोणाचा हाये तिथं?" म्हटलं, धुरा नाही, कुंपण आहे. "अन् गाडी कोणाच्या हद्दीत?" पोरीच्या. "मंग काय बोलन तो? ठेवू दे." मग जरा वेळानं, "त्याची बायको काही म्हणत नाही?" म्हटलं, सोडून गेली. "हं," म्हणाली, अन् डब्याचं झाकण लावलं.

इथं सांगून ठेवतो की आमच्या पऱ्हाट्यांची गंजी गेल्या वर्षीपासून शेजारच्या काकांच्या न्हाणीच्या खिडकीसमोर रचलेली आहे. हद्द आमची. कारण जुनं आहे अन् मला पूर्ण माहीत नाही.

तेव्हापासून रोज डबा आईच घेऊन येते. काल मी चार पानंच वाचून झाली म्हटलं तर चिडली. दिवसा काय करतं मग, म्हणते. आता साडेदहा झालेत, मोटर चालू केली, बांधावरून तिचा टॉर्च येताना दिसून रायला. चढायच्या आधी खालूनच विचारते : "काढली का रे तिनं थे गाडी?"